इमॅजिकाला पावसाळ्यात जायचंय?

खोपोलीजवळच्या इमॅजिका थीम पार्कमध्ये शाळा सुरू झाल्यावरचा जून-जुलैचा मंगळवार-बुधवार बघा, रांगा बऱ्याच कमी असतात. डिसेंबर-जानेवारीतला आडवार मात्र फसवा. तेव्हा शाळांच्या सहलींच्या बस येतात.

गर्दी कमी म्हणजे थांबणं नाहीच, असं समजू नका. गर्दी नसली की बऱ्याच थीम पार्कमध्ये रोलर कोस्टरची एकच गाडी चालवतात, त्यामुळे रांग छोटी असूनही हळू सरकते. मोठी दुरुस्तीही अशाच दिवसांत काढतात. म्हणून तिकीट काढण्याआधी फोन करून विचारा: आज कोणत्या राइड बंद आहेत? रांग टाळणारं महागडं तिकीट अशा दिवशी घेऊच नये, असं माझं मत.

जोराचा पाऊस किंवा विजा असतील तर नायट्रो या रोलर कोस्टरसारख्या उघड्यावरच्या राइड थांबवतात. त्यामुळे उघडीप दिसली की आधी नायट्रो गाठा, जेवण नंतर. ‘आय फॉर इंडिया’, ‘मिस्टर इंडिया’ या राइड छपराखाली आहेत, त्या सरींसाठी राखून ठेवा. आणि शनिवार-रविवार टाळाच, लोणावळ्याची पावसाळी गर्दी एक्सप्रेसवेवरच अडकवते. कोरडे मोजे जास्तीचे घ्या.