इंग्लंडची प्लॅनिंग कमिटी: मत देणाऱ्या कौन्सिलरचे हितसंबंध कसे तपासावेत

पुण्या-नाशिकहून इंग्लंडमधल्या स्लाव (Slough) किंवा हॅरोला राहायला आलेल्यांना इथली एक गोष्ट नवी असते. आपल्याकडे महापालिकेत बांधकाम परवानगी आयुक्तांच्या हाताखालचे अधिकारी देतात, नगरसेवक एकेका अर्जावर मतदान करत नाहीत. इंग्लंडमध्येही बहुतेक अर्ज अधिकारीच निकाली काढतात. पण मोठे, वादाचे किंवा वॉर्डाच्या कौन्सिलरने (तिथल्या नगरसेवकाने) मागणी केलेले अर्ज प्लॅनिंग कमिटीपुढे जातात आणि तिथे निवडून आलेली माणसं हात वर करून निर्णय देतात. त्यातल्या कुणाची जमीन, धंदा किंवा नातेवाईक त्या अर्जात गुंतलेले असतील, तर ते मतदानाआधी उघड व्हायला हवं. नंतर उपाय उरतात, पण ते महाग आणि अवघड असतात.

सुरुवात केस ऑफिसरपासून, म्हणजे तो अर्ज हाताळणाऱ्या अधिकाऱ्यापासून करा. अर्ज कमिटीकडे जाणार का आणि कोणत्या तारखेला, हे ईमेलने विचारा. बैठकीचा अजेंडा पाच पूर्ण दिवस आधी जाहीर करणं कौन्सिलवर (तिथल्या पालिकेवर) बंधनकारक आहे. त्यात जाहीर केल्याचा दिवस, बैठकीचा दिवस आणि शनिवार-रविवार धरत नाहीत. म्हणजे बुधवारची बैठक असेल तर अजेंडा आदल्या आठवड्यातल्या मंगळवारपर्यंत यायला हवा. तुमची सगळी तपासणी या आठवडाभरात बसवायची आहे, म्हणून कमिटी सदस्यांची यादी आधीच काढून ठेवा. बदली सदस्यांची नावंही घ्या. ऐन वेळी तेच खुर्चीत बसलेले दिसतात.

आता प्रत्येकाचं हितसंबंधांचं रजिस्टर उघडा. ते कौन्सिलच्या वेबसाइटवर असतं. २०११ च्या लोकॅलिझम कायद्यानुसार पद स्वीकारल्यापासून २८ दिवसांत कौन्सिलरने आपले आर्थिक हितसंबंध कळवायचे असतात: नोकरी-धंदा, निवडणूक खर्चाला मिळालेली मदत, कौन्सिलशी असलेले करार, कौन्सिलच्या हद्दीतली जमीन-घरं, तिथले जमीनवापराचे परवाने, कौन्सिलकडून भाड्याने घेतलेल्या जागा आणि शेअर. हद्दीत जागा किंवा कामकाज असलेल्या कंपनीतले २५,००० पौंडांहून अधिक दर्शनी किमतीचे किंवा एकूण भांडवलाच्या शंभराव्या हिश्शाहून जास्त शेअर नोंदवावे लागतात. पती, पत्नी किंवा जोडीदाराचे हितसंबंधही यात मोजले जातात.

पण भाऊ, सासरे, मुलगा, व्यवसायातला जुना भागीदार यांचा या कायदेशीर यादीत समावेश नाही. बहुतेक लोक रजिस्टर कोरं दिसलं की थांबतात, आणि खरी गुंतागुंत नेमकी तिथेच निसटते. नातेवाईक आणि जवळच्या माणसांबद्दलचे नियम त्या कौन्सिलच्या आचारसंहितेत असतात. स्थानिक संस्थांच्या संघटनेने २०२० मध्ये एक नमुना संहिता काढली, पण ती स्वीकारणं ऐच्छिक आहे. त्यामुळे तुमच्या कौन्सिलचीच संहिता वाचा. नमुना संहितेत किमान ५० पौंडांची भेटवस्तू नोंदवण्याचा नियमही आहे.

रजिस्टरच्या पुढे दोन ठिकाणं उपयोगी पडतात. कंपनीज हाउसच्या, म्हणजे कंपन्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या वेबसाइटवर अर्जदार कंपनीचे आजी-माजी संचालक फुकट पाहता येतात. लँड रजिस्ट्रीकडून त्या जागेचा मालकी उतारा ७ पौंडांत मिळतो. नाव सारखं दिसलं म्हणून माणूस तोच असं धरू नका. पटेल, शाह, स्मिथ ही आडनावं बऱ्याच जणांची असतात. संचालकाच्या जन्माचा महिना आणि वर्ष कंपनीज हाउसवर दिलेलं असतं, त्यावरून पडताळा.

काही सापडलं तर ते अर्जावरच्या हरकतीत लिहू नका. हरकतीत फक्त प्लॅनिंगचे मुद्दे धरले जातात: उजेड, रहदारी, पार्किंग, आकार. कौन्सिलरचा हितसंबंध हा त्यातला मुद्दा नव्हे, त्यामुळे तो बाजूला पडतो. शिवाय हरकती सहसा वेबसाइटवर जशाच्या तशा प्रसिद्ध होतात आणि अपुऱ्या पुराव्याचा आरोप अब्रुनुकसानीत नेऊ शकतो. वेगळा ईमेल कौन्सिलच्या मॉनिटरिंग ऑफिसरला, म्हणजे कायदा आणि आचारसंहिता पाळली जाते का हे पाहणाऱ्या अधिकाऱ्याला करा. अर्ज क्रमांक, बैठकीची तारीख, रजिस्टरमधली नोंद आणि तुम्हाला सापडलेली नोंद एवढंच मांडा आणि विचारा: या सदस्याला सल्ला देण्यात आला आहे का? आरोपापेक्षा प्रश्नाला उत्तर लवकर येतं.

कायद्यात नोंदवायचा आर्थिक हितसंबंध विषयात असेल, तर सूट मिळाल्याशिवाय त्या सदस्याला चर्चेत किंवा मतदानात भाग घेता येत नाही. खोलीबाहेर जायचं की नाही, हे मात्र त्या कौन्सिलचे स्वतःचे नियम ठरवतात. बैठकीत प्रत्येकाने काय जाहीर केलं ते लिहून घ्या, नंतर इतिवृत्ताशी ताडून पाहा.

कशाला हितसंबंध म्हणायचं नाही, हेही स्पष्ट हवं. कौन्सिलरने आधी "माझा या टॉवरला विरोध आहे" म्हटलं, एवढ्याने तो अपात्र ठरत नाही; २०११ च्या लोकॅलिझम कायद्याचं कलम २५ त्याला तेवढी मोकळीक देतं. मन पूर्ण बंद करून आलेला माणूस वेगळा, पण ते सिद्ध करणं कठीण. न्यायालयाची कसोटी अशी: सगळी हकिकत माहीत असलेल्या निःपक्ष माणसाला पक्षपाताची खरी शक्यता वाटेल का? प्लॉटला लागून स्वतःचं घर असलेला सदस्य इथे अडकतो. अर्जदाराच्याच पक्षाचा एखादा सदस्य तेवढ्यावरून अडकत नाही.

मतदान होऊन गेलं असेल तर घड्याळ सुरू झालेलं असतं. हरकतदाराला प्लॅनिंग इन्स्पेक्टरेटकडे (अशी अपिलं ऐकणाऱ्या सरकारी संस्थेकडे) अपील नाही, ते फक्त अर्जदाराला. परवानगीला आव्हान न्यायालयीन फेरतपासणीतून (judicial review) द्यावं लागतं. तो दावा जास्तीत जास्त सहा आठवड्यांत दाखल व्हायला हवा. मुदत सहसा निर्णयाच्या नोटिशीच्या तारखेपासून मोजतात, म्हणून सॉलिसिटरला पहिल्याच आठवड्यात भेटा. मॉनिटरिंग ऑफिसरकडची आचारसंहितेची तक्रार वेगळी चालते. तिने ही मुदत थांबत नाही आणि परवानगीही रद्द होत नाही. मुद्दाम लपवलेला आर्थिक हितसंबंध हा गुन्हा आहे, त्याची तक्रार पोलिसांत होते. त्यात दंड आणि पाच वर्षांपर्यंत अपात्रतेची तरतूद आहे. स्थानिक प्रशासनाच्या लोकपालाकडेही जाता येतं, पण आधी कौन्सिलची तक्रार प्रक्रिया संपवून आणि प्रकार कळल्यापासून १२ महिन्यांच्या आत. लोकपाल निर्णय उलटवत नाही, कारभारातली चूक आणि त्यातून तुमचं झालेलं नुकसान तपासतो.

हे सगळं इंग्लंडपुरतं. वेल्स आणि स्कॉटलंडमध्ये नियम निराळे आहेत.