अपघाताची भरपाई: ठाण्यात दावा लावताना

घोडबंदर रोडवर कुणी बेदरकारपणे गाडी ठोकली आणि तुमचा पाय मोडला, तर दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात लावायचा, मोटार वाहन कायद्याच्या कलम 166 खाली. अपघात दुसऱ्या जिल्ह्यात झाला असला तरी राहत्या जिल्ह्यात अर्ज चालतो. एप्रिल 2022 पासून कायद्यात सहा महिन्यांची मुदत आली आहे; प्लास्टर निघायची वाट पाहू नका.

दवाखान्याच्या केसपेपरवर पहिल्याच दिवशी ‘रस्ता अपघात’ आणि गाडीचा नंबर लिहून घ्या. घाईत नुसतं ‘पडल्याने इजा’ लिहिलं जातं, आणि विमा कंपनीचा वकील नेमका तोच कागद पुढे करतो. एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा, समोरच्या गाडीची विमा पॉलिसी पोलिसांकडून मिळवा. चालक, मालक आणि विमा कंपनी, तिघांनाही प्रतिवादी करा.

सगळ्यात जास्त घोळ होतो अपंगत्वाच्या टक्क्यांत. दाखल्यात पायाचं 40 टक्के अपंगत्व असलं, तरी कमाई तेवढीच बुडाली असं न्यायाधिकरण धरत नाही. बसून काम करणाऱ्याला कमी धरतील, डिलिव्हरीवाल्याला कदाचित जास्त. म्हणून कामाचं स्वरूप पुराव्यानिशी मांडा आणि दाखला देणाऱ्या डॉक्टरांची साक्ष नोंदवा. वय 32, महिना पगार 20,000, कमाईतली घट 20 टक्के, गुणक (वर्षाच्या घटीला ज्याने गुणतात तो वयानुसार ठरलेला आकडा) 16: हिशेब 7,68,000 रुपये. उपचार, वेदना, बुडालेला पगार वेगळे. मूळ बिलं जपा. औषधाच्या पावतीची शाई काही काळाने उडते, झेरॉक्स लगेच काढा.