हार्डडिस्क सारखी कुरकुरतेय? आधी हे बघा
आमच्या इंदूरच्या घरी आईचा जुना पीसी, कोणी हात लावला नाही तरी डिस्कचा दिवा लुकलुकतोय न् आतून कुर्रकुर्र चालूच. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून विंडोजचा टास्क मॅनेजर (चालू प्रोग्रॅमची यादी) उघडा, 'डिस्क' कॉलमवर क्लिक करा, जो प्रोग्रॅम डिस्क जास्त खातोय तो वर येतो. सर्च इंडेक्सर (फाइली पटकन सापडाव्यात म्हणून त्यांची सूची करणारा) किंवा अँटिव्हायरसचं स्कॅन असेल तर चालू द्या, उरकलं की गप्प बसेल. आमची गोची वेगळीच, रॅम फक्त ४ जीबी आणि ब्राउझरमध्ये ३० टॅब (सगळे रेसिपीचे!), मग रॅम भरली की सामान पेजफाइलमध्ये (रॅमला पुरवणी म्हणून डिस्कवर ठेवलेल्या फाइलमध्ये) हलत बसतं, टॅब बंद केले, पोह्यांवर शेव भुरभुरेपर्यंत दिवा शांत. पण ठोक्यासारखं टक-टक येत असेल तर डिस्कच बिघडत असू शकते, बाकी सगळं सोडा, आधी फोटो दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा, चेकडिस्क (डिस्कमधल्या चुका तपासणारं विंडोजचं साधन) वगैरे नंतर.