डोंगर आधी, चेटकीण नंतर

टिंबर मार्केटात दीड बाय दीड फुटाचा सहा एमएम प्लाय कापून मागितला की समोरचा विचारतो, "किल्ल्याला का?" मी "हो" म्हणते. मी छोट्या मूर्ती उभ्या करून जादूच्या गोष्टींतले देखावे प्रदर्शनासाठी बनवते आणि हा प्लाय त्यातल्या चेटकिणीच्या बुरुजाखाली हवाय, असं सांगत बसले तर अर्धा तास जातो. तसा फरकही फार नाही. लहानपणी वाड्याच्या अंगणात मातीचा किल्ला करून त्यावर अळीव पेरलेल्या माणसाला हे काम निम्मं येतंच.

आधी मूर्ती हातात घ्या, मग मापं काढा. माझ्या मूर्ती 28 मिमीच्या, म्हणून दार 40 मिमी उंच. मूर्तीच्या पायाखालच्या चकतीनं ती अजून थोडी उंच होते. पायऱ्या मात्र खऱ्या प्रमाणात करायला गेलात तर 25 मिमीची चकती त्यावर उभीच राहणार नाही. जिथे कुणाला उभं करायचंय तिथे सपाट चौथरा सोडा.

थर्मोकोल नको. कापला की साबुदाणा सांडल्यासारखे दाणे घरभर, आणि कडा कधीच दगडासारखी दिसत नाही. गच्चीवर उष्णतारोधक म्हणून घालतात तो एक्सपीएस फोम घ्या, 25 मिमी जाडीचा. बांधकामावर उरलेले तुकडे मागितले तर मिळतात, मी तसेच आणते.

आता दगड. इथे घाई करू नका, कारण बुरूज कितीही वाकडा, अशक्य चालतो, पण त्याखालचा डोंगर खोटा वाटला की सगळंच खेळणं दिसतं. सिंहगड चढताना एकदा कड्याकडे नीट बघा. उभा कातळ, मग गवताचा उतार, पुन्हा उभा कातळ. लाव्हाचे थर एकावर एक साचले त्याच्या या पायऱ्या. या लाव्हाच्या खडकाला 'डेक्कन ट्रॅप' म्हणतात, त्यातला ट्रॅप हा शब्दसुद्धा जिन्यासाठीच्या स्वीडिश शब्दावरून आलाय. म्हणून फोमचे थर आडवे रचा आणि प्रत्येक वरचा थर थोडा आत घ्या. कडा कटरनं कापायच्या नाहीत, बोटांनी तोडायच्या. मग ॲल्युमिनियम फॉइलचा चुरगळलेला गोळा त्यावर दाबून फिरवा, खडबडीतपणा आपोआप येतो. उभ्या भेगा बोथट पेन्सिलीनं. दोन थरांमध्ये कुठे कुठे तांबूस मातीचा पट्टा असतो, तो रंगवताना विसरू नका.

चिकटवायला फेव्हिकॉल आणि आत टूथपिक. दोन थरांमध्ये हवा जात नाही, त्यामुळे एक रात्र तरी द्याच. जुलैत दोन दिवस. आणि कापाकापी आधी उरका, नंतर कटर नेमका टूथपिकवर अडतो.

बुरुजासाठी पुठ्ठ्याची नळी, वर पातळ फोमचे चिरे. यात सांगण्यासारखं फार नाही, फक्त सांधे एकाखाली एक येऊ देऊ नका.

रंगाची गोष्ट जरा लाजिरवाणी. पहिल्या बुरुजावर मी थेट स्प्रेचा डबा मारला. त्यातल्या द्रावकानं फोम खाल्ला आणि पंधरा मिनिटांत बुरुजाचं वारूळ झालं. तेव्हापासून आधी काळ्या ॲक्रिलिकमध्ये थोडा फेव्हिकॉल मिसळून ब्रशनं दोन हात देते. त्यावर तपकिरी झाक असलेला गडद करडा. तो वाळला की काळा रंग पाण्यासारखा पातळ करून, भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाकून सोडायचा. तो भेगांत स्वतःच उतरतो. शेवटी जुना, केस झडलेला ब्रश फिकट करड्यात बुडवून रद्दीवर जवळजवळ कोरडा करा आणि कडांवरून नुसता फिरवा. दगड इथे जिवंत होतो. पांढरा वापरू नका, डोंगरावर पीठ सांडल्यासारखं दिसतं.

खिडकीतला जादूचा हिरवा उजेड हवाय? खिडकी आधी पांढरी, मग त्यावर पातळ पोपटी. चौकटीच्या आतल्या कडेला आणि खालच्या दगडावर थोडासा तोच रंग. उजेड जिथे पडणारच नाही तिथे तो दिला की डाग वाटतो.

गवताला धुऊन कडक उन्हात वाळवलेला चहाचा चोथा. ओलसर राहिला तर बुरशी येते. उंच गवताला नारळाच्या काथ्याचे तुकडे. अळीव मोहक वाटतो, पण आठवड्याभरात मान टाकतो.

प्रदर्शनात टेबल कमरेइतकं असतं, मोठी माणसं वरून बघतात आणि पोरं समोरून. उंच भाग मागे ठेवा, आणि घरी एकदा उभं राहून व एकदा गुडघ्यावर बसून बघा. मी हे न केल्यानं एका गुहेतला राक्षस दिवसभर फक्त लहान मुलांनाच दिसला.

मूर्ती वेगळ्या डब्यात न्या. रिक्षात प्लाय मांडीवर आडवा धरायचा, स्पीडब्रेकर आला की किंचित उचलायचा. पिशवीत फेव्हिक्विक, चिमटा आणि त्याच गडद करड्याची छोटी बाटली ठेवा. कुणीतरी बोट लावणारच आणि काळ्याखालचा फोम दिसणारच.