मानेचं ऑपरेशन झालं पण बोटं अजून बधिरच? मी काय करते ते सांगते

माझ्या मानेच्या ऑपरेशनला आता नऊ महिने होतील, सी ५-६ आणि सी ६-७ अशा दोन लेव्हल (म्हणजे मानेच्या पाचव्या-सहाव्या आणि सहाव्या-सातव्या मणक्यांमधल्या जागा), गळ्याकडून चीर देऊन डिस्क म्हणजे मणक्यांमधली गादी काढली आणि प्लेट-स्क्रू बसवले. दंडातली जीव नकोसा करणारी कळ दुसऱ्याच दिवशी गेली, पण अंगठा आणि शेजारची दोन बोटं अजून पूर्ण जागी झालेली नाहीत. घरचे म्हणायचे ऑपरेशन फेल गेलं की काय, आणि मीही रात्रभर तेच डोक्यात घेऊन पडून असायचे.

तर आधी हे समजून घ्या, ऑपरेशनने नसेवरचा दाब निघतो, दबून खराब झालेली नस मात्र तिची तीच भरून येते, आणि ती वाढते दिवसाला साधारण १ मिलीमीटर, म्हणजे महिन्याला जेमतेम ३ सेंटिमीटर. मी टेप घेऊन मान ते बोटाचं टोक मोजलं, ७४ सेंटिमीटर भरलं! सगळ्यांची नस तेवढी खराब नसते त्यामुळे कुणाला लवकर फरक पडतो, कुणाला थोडा बधिरपणा कायमचा राहतो, पण त्या दिवसापासून मी रोज उठल्या उठल्या बोटं चोळून बघणं बंद केलं.

त्याऐवजी एक वही करा आणि फक्त रविवारी लिहा. मी वाटीभर मटकी निवडायला बसते, खडा बोटाला कळतो का आणि किती वेळ लागला ते लिहिते, शिवाय ब्लाउजचे हूक. तिसऱ्या महिन्यात एकही हूक लागत नव्हता, आता चारपैकी तीन लागतात. रोज बघितलं असतं तर हे कळलंच नसतं. ही वही डॉक्टरांनाही दाखवा, नुसतं "बरं नाही वाटत" म्हणण्यापेक्षा त्यांना यातून जास्त कळतं.

बधिर हाताने गरम काही धरू नका. माझं बोट तव्याला चिकटलेलं मला वासावरून कळलं. सांडशी वापरा आणि आंघोळीचं पाणी चांगल्या हाताने बघा.

शेजारपाजारचे मालिशवाला सुचवतील, कुणी मान मोडून द्यायला बघेल, अजिबात हात लावू देऊ नका, गादी काढलेल्या जागी मणक्यांचं हाड एकमेकांशी जुळायला कित्येक महिने लागतात. मिश्री, तंबाखू, सिगरेट काहीही असेल तर सोडाच, त्याने हाड जुळायला उशीर होतो हे मला माझ्या सर्जननी तीनदा बजावलं. वजन किती उचलायचं, कॉलर किती दिवस घालायचा, गाडी कधी चालवायची हे ज्याचं त्याचं वेगळं असतं, ते विचारूनच. आणि प्रीगाबालिन किंवा गाबापेंटिन ही नसेच्या दुखण्याची गोळी चालू असेल तर बरं वाटतंय म्हणून एकदम बंद करू नका, डॉक्टर हळूहळू कमी करून देतात.

सुरुवातीला गिळताना अडकणं, आवाज बसणं, पाठीत दोन्ही खवाट्यांच्या मधे दुखणं हे बऱ्याच जणांना होतं आणि हळूहळू कमी होतं. पण गळा सुजून श्वास अडायला लागला, ताप आला, जखमेतून पाणी यायला लागलं, हातातला जोर अचानक कमी झाला, चालताना पाय लटपटायला लागले किंवा लघवी-संडासवरचा ताबा गेला तर सरळ हॉस्पिटल गाठा, तेव्हा रविवारची वाट बघायची नाही.