पीसी अचानक बंद पडतो? आधी लॉग बघा
मुंबईच्या पावसात लाइट गेली-आली की पीसी बंद पडतो आणि लोक थेट लॅमिंग्टन रोडचा इलेक्ट्रॉनिक्स बाजार गाठून नवा एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) आणतात. त्याआधी विंडोज आणि एक्स ही बटणं एकत्र दाबा, इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजच्या नोंदी, म्हणजे लॉग, दाखवणारं टूल) उघडा, विंडोज लॉग्जमध्ये सिस्टीम निवडा. फिल्टरमध्ये क्रिटिकल आणि एररवर टिक करा. वॉर्निंग धडधाकट मशीनवरही ढिगाने असतात.

इव्हेंट ४१ (हा नोंदीचा क्रमांक) म्हणजे मशीन नीट शटडाउन झालं नाही, एवढंच. डिटेल्समध्ये बगचेककोड (क्रॅशचा कोड) शून्य नसेल तर ब्लू स्क्रीन, म्हणजे विंडोज क्रॅश. शून्य असेल तर वीज, यूपीएस, एसएमपीएस किंवा हँग तपासा. गंमत म्हणजे ४१ वरची वेळ पुन्हा चालू झाल्याची असते. बंद पडल्याची वेळ इव्हेंट ६००८ च्या मजकुरात मिळते. त्या वेळेआधीच्या नोंदी वाचा.

‘डिस्क’चा इव्हेंट ७ दिसला तर बॅड ब्लॉक (डिस्कचा खराब झालेला भाग) आहे: आधी बॅकअप, बाकी नंतर.