घरच्या घरी अकूस्टिक कव्हर गाताना आणि ध्वनिमुद्रित करताना

अकूस्टिक कव्हरची, म्हणजे दुसऱ्याचे गाणे साध्या गिटारच्या साथीने पुन्हा गाण्याची, तयारी कॉर्ड शोधण्याआधी पट्टी ठरवण्यापासून करावी. मूळ गायकाच्याच पट्टीत गाण्याचा हट्ट बहुतेक नवोदितांना नडतो. मुखडा सहज जमतो, पण अंतऱ्यातला वरचा सूर ओढूनताणून लावावा लागतो, आणि सोबतीला एकच गिटार असल्यामुळे तो ताण झाकायला काहीही उरत नाही. म्हणून गाण्यातील सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा सूर शोधून त्या दोन्ही ओळी शब्दांसकट, लागोपाठ आणि हलक्या आवाजातही गाऊन पाहाव्यात. वरचा सूर केवळ जोर लावल्यावरच लागत असेल, तर पट्टी अर्ध्या-एक सुराने खाली आणावी, कारण ध्वनिमुद्रणात तीच ओळ अनेकदा गावी लागते.

गिटारवर हे काम कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकत्र दाबून धरणारा चिमटा, सोपे करतो, कारण तो एकेक फ्रेट (गिटारच्या गळ्यावरच्या आडव्या धातूच्या रेघांमधला घर) वर सरकवला की पट्टी अर्ध्या सुराने चढते. समजा, गाणे पांढरी चारमध्ये, म्हणजे एफमध्ये बसते आहे. अशा वेळी पहिल्या फ्रेटवर कॅपो लावून ई पट्टीचे, तिसऱ्यावर लावून डीचे किंवा पाचव्यावर लावून सीचे कॉर्ड वाजवता येतात. तिन्हींची पट्टी एकच असली, तरी नाद निराळा असतो, आणि भारदस्त, खालच्या पट्टीतल्या आवाजाला वरच्या फ्रेटवरचा कॅपो अधिक शोभतो, कारण मग गिटारचे खर्जातले सूर आवाजाच्या वाटेत येत नाहीत. कॅपो लावल्यावर तारा किंचित चढतात, त्यामुळे त्या पुन्हा जुळवून घ्याव्यात. तारा नव्याने बदललेल्या असतील, तर त्या ताणून स्थिर होईपर्यंत ध्वनिमुद्रण करू नये.

खोलीची परीक्षा टाळी वाजवून होते. टाळीनंतर झणझणीत पडसाद ऐकू आला, तर तो प्रत्येक शब्दामागे उमटणार आणि नंतर कोणत्याही सॉफ्टवेअरने तो पूर्णपणे निघणार नाही. गाद्या, रजया आणि कपड्यांनी भरलेले उघडे कपाट या वस्तू यावर चांगला उपाय ठरतात. अनेक जण माइकच्या मागची भिंत झाकतात. परंतु माइकचे तोंड गाणाऱ्याकडे असल्याने गाणाऱ्याच्या पाठीमागून परत येणारा आवाजच त्यात अधिक शिरतो, म्हणून सर्वांत जाड रजई तिथे टांगावी. अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवण्याचा खटाटोप मात्र व्यर्थ आहे, कारण ते फार तर थोडे वरचे सूर शोषतात आणि खालची घुमघुम तशीच राहते.

कंडेन्सर माइक बारकावे उत्तम टिपतो, पण खोलीतील पंखा आणि रस्त्यावरची वाहनेही तितक्याच निष्ठेने टिपतो. खोली चांगली नसेल, तर जवळून गाण्याजोगा डायनॅमिक माइकच बरा, असे माझे मत आहे. कंडेन्सर वापरल्यास ऑडिओ इंटरफेसवरील (माइक संगणकाला जोडणाऱ्या पेटीवरील) माइकला वीज पुरवणारे ४८ व्होल्टचे बटण चालू करावे लागते. तोंड आणि माइक यांच्यात १५ ते २० सेंटिमीटर अंतर ठेवून मध्ये पॉप फिल्टर (प, ब म्हणताना येणारा हवेचा झोत अडवणारी जाळी) लावावा. याहून जवळ गेल्यास आवाजातील खर्ज कृत्रिमरीत्या वाढतो, आणि गाताना मान पुढेमागे होत राहिली, तर प्रत्येक ओळीचा पोत बदलतो. गिटारसाठी माइक बाराव्या फ्रेटच्या समोर २० ते ३० सेंटिमीटरवर ठेवावा. मधल्या गोल छिद्रासमोर तो ठेवल्यास पेटीतील हवेचा घुमारा सगळे व्यापून टाकतो. एकच माइक किंवा फोन असेल, तर तो तोंड आणि गिटार यांच्या मधल्या उंचीवर ठेवून वर किंवा खाली सरकवत दोघांचा तोल साधावा. फोनमधील आपोआप आवाज कमीजास्त करणारी सोय बंद करता येत असल्यास अवश्य करावी.

गेन, म्हणजे माइकचा आवाज किती वाढवून मुद्रित करायचा ते, लावताना बोलून पाहणे पुरेसे नाही. गाण्यातील सर्वांत जोरकस ओळ गावी आणि त्या वेळी पातळी उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहील असे पाहावे. २४ बिटच्या ध्वनिमुद्रणात पातळी थोडी कमी राहिली तरी बिघडत नाही, पण फाटलेला आवाज नंतर सांधता येत नाही.

गाणे आणि गिटार एकत्र मुद्रित केल्यास लय दोघांसह श्वास घेते. मात्र एकाचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये शिरल्यामुळे चुकलेला एखादा सूर वेगळा दुरुस्त करता येत नाही. लय मोकळी असलेल्या गाण्यासाठी मी हीच पद्धत निवडेन. ठाम तालाच्या गाण्यात आधी मेट्रोनोमवर (ठरावीक लयीत टिकटिक करणाऱ्या साधनावर) गिटार वाजवावी आणि मग हेडफोन लावून गावे. हेडफोन बंद पाठीचे असावेत आणि एक कान अर्धा उघडा ठेवावा, म्हणजे स्वतःचा सूर नीट कळतो. हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज उशिरा येत असेल, तर इंटरफेसवरील डायरेक्ट मॉनिटरिंग (माइकचा आवाज संगणकातून न फिरवता थेट हेडफोनमध्ये देणारी सोय) वापरावे किंवा सॉफ्टवेअरमधील बफर, म्हणजे संगणक एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा, १२८ सॅम्पलपर्यंत उतरवावा.

संकलन करताना वेगवेगळ्या टेकमधून (त्याच गाण्याच्या अनेक मुद्रणांमधून) शब्द निवडण्यापेक्षा पूर्ण ओळी निवडाव्यात, आणि श्वास कापून न टाकता फक्त हलके करावेत. साधारण ८० हर्ट्झखालचा आवाज गाळणे, सौम्य कॉम्प्रेशन (मोठ्या-लहान आवाजातला फरक कमी करणे) आणि थोडासा रिव्हर्ब (खोलीसारखा घुमारा) एवढे संस्कार सहसा पुरतात. सुमारे उणे १४ एलयूएफएसपेक्षा (कानाला जाणवणारा सरासरी मोठेपणा मोजण्याचे एकक) मोठा आवाज यूट्यूब स्वतःच खाली आणत असल्याने गाणे अकारण मोठे करू नये.

प्रसिद्ध करताना गीतकार आणि संगीतकार यांची नावे द्यावीत, पण नुसत्या श्रेयाने परवानगी मिळत नाही. साथ स्वतः वाजवली, तरी शब्द आणि चाल यांवरील हक्क मूळ धारकांकडेच असतात आणि यूट्यूबवर अशा गाण्याचे जाहिरातीचे उत्पन्न त्यांच्याकडे वळू शकते. तयार कॅरिओके ट्रॅक घेतल्यास त्या ध्वनिमुद्रणाचा वेगळा हक्कही त्यात येतो.